शुभाला, मानपाड्याहून

ठाणे, २२ ऑगस्ट

प्रिय शुभा,

दिवाळीपासून तुला पत्र नाही की फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आम्ही ठीक. माझी शुगर गोळ्यांवर आहे, ह्यांची कंबर तशीच.

परवा घोडबंदर रोडला पाटलीपाड्याजवळ एक गाडी माझा आरसा उडवून डावीकडून पुढे घुसली आणि थेट रिक्षावर. पॅसेंजर नव्हता, पण रिक्षावाल्याची नडगी मोडली. लोक त्याला दुसऱ्या रिक्षात कोंबायला निघाले होते. मी ओरडून थांबवलं आणि १०८ ला फोन लावला. एकजण म्हणाला, "मॅडम, कशाला अडकताय, पोलीस बसवून ठेवतील." अगं, कायद्यातच आहे, मदत करणाऱ्यावर नाव सांगायचीही सक्ती नाही. मी मात्र नाव, नंबर, सगळं दिलं. ह्यांचा डॅशकॅमही दिला. आजवर त्यात फक्त आमची भांडणं रेकॉर्ड होत होती!

गाडी चालवणारा पोरगा विशीतला. थोड्या वेळात त्याचे वडील आले. अगदी सभ्य माणूस. "ताई, पोराचं करिअर आहे. तुमचा आरसा मी बदलून देतो, रिक्षावाल्याला चाळीस हजार रोख. आपसात मिटवू." आरशाचं मी तिथेच नको म्हटलं. पण रिक्षावाल्याची बायको चाळीस हजार ऐकून थांबली, आणि ती का थांबली ते तुझ्याइतकं कोणाला कळणार?

मुंब्रा बायपासवरचा तो चहाचा ठेला आठवतो ना? अपघातानंतर दिनूभावजींनी तिथे वीस हजार घेतले, कोऱ्या कागदावर सही दिली, आणि मी तुला मूर्ख म्हटलं. आपण मग वर्षभर बोललो नाही. तो शब्द मी आजही मागे घेत नाही, भांडायचं असेल तर ये. पुढे गुडघ्यात प्लेट बसली, नोकरी गेली, आणि तो माणूस फोन उचलेना.

या बाईला मी सगळं समजावलं. गुन्हा नोंदव, पंचनाम्याची नक्कल घे, इस्पितळाचा एकही कागद टाकू नकोस. मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या ट्रिब्युनलमध्ये सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. बुडालेली कमाई, पायात राहणारा दोष, सगळं तिथे मोजतात. आणि गाडीचा विमा चालू असला तर भरपाई विमा कंपनी भरते, त्या वडिलांच्या खिशातून फारसं काही जात नाही. त्यांना धास्ती आहे ती पोरावरच्या फौजदारीची. तशी अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या कॅशलेस उपचारांची केंद्राची योजनाही आहे. इस्पितळाच्या काउंटरवर तिचं नाव काढलं तर आधी डिपॉझिट भरा म्हणाले. भांडले. मला ते जमतं, तुला माहीत आहे.

सगळं ऐकून ती म्हणाली, "ताई, ट्रिब्युनलचे पैसे कधी येणार? रिक्षाचा हप्ता पाच तारखेला आहे." माझ्याकडे उत्तर नव्हतं. दावा वर्षानुवर्षं चालू शकतो, खोटं कसं सांगू? ह्यांचं म्हणणं, आपण हप्ता भरू आणि गप्प बसू. हप्ता भरेन मी. गप्प बसणं माझ्या पत्रिकेत नाही.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. तिच्याशी एकदा फोनवर बोल. मी बोलले की पगारदार बाईचा उपदेश वाटतो. तुम्ही वीस हजार हातात घेतलेत, ते कितीला पुरले आणि कधी संपले ते सांग. मग तिने रोख घेतली तरी मी काही बोलणार नाही. (बोलेन, पण तुला ऐकवणार नाही.) रविवारच्या आत जमव, सोमवारी ते वडील पुन्हा येणार आहेत. भावजींना विचारून ठरव, त्यांना ते आठवायला नको असेल तर राहू दे.

मुक्ताचं कुठवर आलं? मुलगा पुण्याचा की नाशिकचा, मी दोन्ही ऐकलंय. घराचा रंग झाला का? आईंना नमस्कार. बाईचा नंबर व्हॉट्सॲपवर टाकते.

तुझी,
नीला