डिकीतला चेंजर नीट बसवून देणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,

स. न. वि. वि.

उद्यमनगरातील आपल्या दुकानात माझ्या गाडीचा सहा सीडींचा चेंजर, म्हणजे डिकीत बसून आळीपाळीने सीडी वाजवणारे यंत्र, आपण काढून पुन्हा बसवून दिलात, त्याला आता दोन पावसाळे झाले. या काळात कोल्हापूरहून रत्नागिरीला माझ्या कितीतरी फेऱ्या झाल्या, आणि आंबा घाटातल्या वळणांवर किंवा साखरप्यापुढच्या खड्ड्यांतही अभंग मध्येच तुटला नाही. त्या दिवशी घाईत नुसते ‘येतो’ म्हणून निघालो होतो. राहून गेलेले आभार आज सविस्तर लिहून मानतो आहे. ज्यांच्या गाडीत अजून असा चेंजर आहे, त्यांनाही आपल्या कामाची रीत कळावी म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवतो.

आपल्याकडे येण्यापूर्वी मी तो चेंजर मोडीत काढायला निघालो होतो. आधी ज्यांनी तो बसवला, त्यांनी डिकीच्या डाव्या बाजूला उभा घट्ट आवळला होता, आणि गाडी जरा उसळली की गाणे तुटत असे. आपण तो बाहेर काढून उलटा केलात आणि तळाचे दोन स्क्रू बोटाने दाखवलेत. वाहतुकीत आतली यंत्रणा हादरू नये म्हणून कारखान्यातूनच आवळून आलेले ते स्क्रू बसवताना काढायचे असतात, ते कोणी काढलेच नव्हते. सीडीवरच्या दोन शेजारच्या रेषांमध्ये जेमतेम 1.6 मायक्रोमीटर अंतर असते, म्हणून ती वाचणारे भिंग स्प्रिंग आणि रबरांवर तरंगते ठेवलेले असते. ते जखडले की रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट भिंगापर्यंत पोहोचतो. त्यानंतर आपण चेंजरच्या दोन्ही अंगांवरच्या, बसवण्याचा कोन जुळवायच्या लहान चकत्या पाहिल्यात. चेंजर उभा असूनही एक चकती आडव्या खुणेवर होती आणि दुसरी पंचेचाळीस अंशांवर. दोन्ही एकाच खुणेवर, आणि तीही बसवण्याच्या कोनाशी जुळणारी हवी, हे आपण मला स्वतः फिरवायला लावून शिकवलेत. काढलेले स्क्रू प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवायला दिलेत, कारण चेंजर पुन्हा कधी काढून दुसरीकडे न्यायचा झाला तर ते परत आवळावे लागतात.

वायरिंगला हात लावण्यापूर्वी आपण दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह सोडलीत. पुढच्या स्टिरिओची पिवळी वायर कायम वीज मिळते तिथे आणि लाल चावीवर चालणाऱ्या ठिकाणी असायला हवी, त्याच नेमक्या अदलाबदल झालेल्या निघाल्या. चावी काढली की सगळे सेटिंग का पुसले जाते, हे कोडे तिथे सुटले. अर्थिंगची काळी वायर पत्र्याच्या रंगावरच आवळलेली होती. आपण तेवढ्या जागेचा रंग खरवडून ती उघड्या पत्र्याला जोडलीत, आणि चेंजरची केबल बॅटरीच्या जाड वायरीपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या कडेने नेलीत. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी ती शीळ तेव्हापासून ऐकू आलेली नाही. पत्र्याच्या भोकात वायर घासू नये म्हणून बसवलेल्या रबरी बुशाचे पैसेही आपण घेतले नाहीत.

पण माझे मन ज्यासाठी आपले ऋणी आहे, ती गोष्ट सीडींची. वडिलांनी घरी नक्कल करून घेतलेल्या प्रत्येक सीडीवर स्वतःच्या अक्षरात नाव लिहून कागदी चिकटपट्टी लावली होती. डिकीतल्या उन्हाने एका पट्टीची कड उचलली होती. ती आत अडकली तर यंत्रही जाईल आणि सीडीही, हे आपण ओळखलेत. मी पट्टी सोलायला नख लावले, तेव्हा आपण माझा हात धरलात. चकचकीत थर पट्टीच्याच बाजूला, पातळ रोगणाखाली असतो आणि पट्टीबरोबर तोच निघून येतो, हे मला ठाऊक नव्हते. आपल्या सांगण्यावरून मी सर्व सीडींच्या नव्या प्रती करून त्यांवर मधल्या पारदर्शक कड्यापाशी मार्करने नावे लिहिली. वडिलांच्या अक्षरातल्या मूळ सीडी आता घरात, उन्हापासून दूर, कपाटात सुखरूप आहेत.

मॅगझिनच्या, म्हणजे चेंजरमध्ये सरकवायच्या सीडींच्या डब्याच्या, एका खाचेत एकच सीडी ठेवणे, ते बाणाच्या दिशेने ‘खट्’ आवाज येईपर्यंत आत सारणे आणि चेंजरचे झाकण कधी उघडे न ठेवणे, हे आता अंगवळणी पडले आहे. सीडी पुसायची ती मधून कडेकडे सरळ, गोल फिरवून नव्हे, हेही.

मागच्या श्रावणात आंबा घाटाच्या धुक्यात थांबून खाली उतरलो आणि कोकणच्या दमट उकाड्यात डिकी उघडली, तेव्हा चेंजर एकही सीडी वाचेना. गार भिंगावर दव धरते, घाबरून काही उघडू नका, हे आपले शब्द आठवले. मॅगझिन काढून तासभर वाट पाहिली आणि पुढे रत्नागिरीपर्यंत तो बिनतक्रार वाजला.

दिवाळीआधी बॅटरी बदलायची आहे. तेव्हा गाडी घेऊन आपल्याकडेच येईन.

कळावे.

आपला ऋणी,
आंबा घाटाचा एक नेहमीचा प्रवासी