मागच्या खोलीबद्दल

ती. आई आणि ती. बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून पत्र. मागची खोली सध्या रिकामी नाही. कुरखेड्याकडचं एक जोडपं त्यात राहतंय, आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत राहील.

बाबा, त्या खोलीच्या फरशीत तुमच्या पेन्शनचे पैसे आहेत, हे मी विसरले नाही. आधी विचारायला हवं होतं, तेही कबूल. पण त्या काकांना घशाचा कॅन्सर आहे. त्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी, अजून काय! शेक, म्हणजे रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार रोज, आणि तेही पाच-सहा आठवडे. रोज गडचिरोलीहून नागपूरला कोण येणार? दोघं मेडिकल चौकात दुकानाच्या ओट्यावर झोपत होते. धाकट्या काकांच्या वेळच्या मुंबईतल्या त्या अकरा रात्री मला आठवल्या. पायऱ्यांवर आई बसल्या बसल्या झोपायची, तेव्हा आपल्याला कोणी आत घेतलं, ते मी लिहायला नको.

आई, तुझा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे. नाहीत, ख्रिस्ती नाहीत. मी काही सांगायलाही गेले नाही. काकूंनीच भिंतीवरचा क्रूस पाहून विचारलं, "तुमच्या देवाले नारळ चालते का?" म्हटलं, आणा, चटणी करू.

खरी अडचण माझीच झाली. त्यांना पेज देताना, वरणाचं पाणी गाळताना मला छान वाटायचं, जरा जास्तच छान. मग एक दिवस मला ताप आला. काकूंनी न विचारता भांडी घासली आणि माझे पाय चेपायला बसल्या. मी नको नको म्हणत पाय ओढत राहिले. बाबा, योहान १३ मध्ये येशू पाय धुवायला येतो तेव्हा पेत्रही असंच करतो ना? तुम्ही वाचायचात तेव्हा तो मला फार नम्र वाटायचा. आता वाटतं, त्याला फक्त घ्यायला जमत नव्हतं. गावाहून आणलेली लाखोळीची डाळ त्यांनी दिली, ती मी मुकाट्याने घेतली. नाताळात शेजारी करंज्यांचं ताट मीच घेऊन जायचे, आणि ते कधी रिकामं परत यायचं नाही. तेव्हा मला फक्त वाटेतली एक करंजी दिसायची. (हो आई, तो उंदीर मीच.)

तुम्ही मात्र नाताळला यायचंच. पुढची आमची खोली तुमची, आम्ही हॉलमध्ये. कमोड तिथेही आहे, दांडा शनिवारी बसवून घेतला. हीटर आहे, उजेडाची खिडकी आहे. आई, तुझी गोधडी कोणाला दिलेली नाही. खोटं कशाला, पहिल्या थंडीच्या रात्री दिली होती. धुऊन, उन्हात वाळवून कपाटात ठेवलीय.

महाराष्ट्र एक्सप्रेसचे दोन्ही बर्थ खालचेच काढलेत. बाबा, साखरेच्या गोळ्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. डबा घरचाच. आई, लोणच्याची बरणी आणायची नाही, गुडघ्यांकडे बघ. आणि स्टेशनवर कोणी हात दिला तर "आम्ही जाऊ हळूहळू" म्हणू नका, हात धरा.

काकूंनी विचारलंय, तुमच्या आईला मोहफुलांची भाजी आवडेल का. मी हो सांगून टाकलंय.

तुमची,
चिमी