नंबर प्लेटला कुलूप, स्टेपनी उघड्यावर

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : गाडीखालची स्टेपनी

साहेब, नमस्कार.

जुलै महिना, सकाळचे सहा पस्तीस, नाशिकचा पाथर्डी फाटा, सर्व्हिस रोड आणि धो धो पाऊस. माझ्या व्हॅनमध्ये शाळेची सात मुलं, आणि मागचं डावं चाक बसलेलं. मी नऊ वर्षं ही व्हॅन चालवते, मुलं मला व्हॅनवाल्या काकू म्हणतात. पंक्चर मला नवीन नाही. जॅक, टॉमी, पाना काढला, रेनकोटाची टोपी मागे सारली आणि बंपरखाली वाकले. तिथं लोखंडी पाळणा उघडा लोंबत होता. आत स्टेपनी नव्हती.

कधी गेली, ते मला आजही सांगता येणार नाही. या चोरीची हीच तर गंमत आहे. गाडी चोरीला गेली तर सकाळी जागा रिकामी दिसते. पाकीट मारलं तर तासाभरात खिशाकडे हात जातो. स्टेपनी गेलेली माणसाला नेमकी तेव्हा कळते जेव्हा ती लागते. आदल्या रात्री गेली असेल, नाहीतर दोन महिन्यांपूर्वी. त्या दोन महिन्यांत मी रोज दोन फेऱ्या मुलं घेऊन त्या रिकाम्या पाळण्यासह केल्या, आणि मनात मात्र निवांत होते, की खाली एक चाक आहे.

दोन पालक आपापल्या गाड्या घेऊन आले, मुलं शाळेत पोचली. उशीर झाला, बाईंनी दोघांना वर्गाबाहेर उभं केलं. ते जाऊ द्या.

मी पोलीस ठाण्यात गेले. हवालदार भले होते, चहाही विचारला. म्हणाले, "ताई, स्टेपनीच ना? पाच हजारांच्या आतली चोरी, एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंद करून देतो." मी हिशेब मांडला : टायर ३,४०० रुपयांचा, डिस्क, म्हणजे टायर ज्यावर चढवतात ती लोखंडी चकती, १,८०० ची, झाले ५,२००. ते म्हणाले, वापरलेला माल आहे, एवढे कसे धरणार? कागदावर अंदाजे किंमत पडली २,५०० रुपये. बिलावर टायरचा नंबर होता, तो मी पुढे केला. लिहून घेतला नाही.

घरी येऊन मुलाला म्हटलं, हे पाच हजारांचं काय आहे ते मोबाइलवर बघ. तेव्हा कळलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३(२) मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण माल ५,००० रुपयांच्या आतला असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्यानं माल किंवा पैसे परत केले, तर त्याला समाजसेवेची शिक्षा. मला ते मान्य आहे. एखाद्या पोरानं पहिल्यांदा चूक केली तर त्याला कोठडीत डांबण्यापेक्षा बाग झाडायला लावलेली बरी. पण झाडू हातात द्यायला तो पोरगा आधी सापडायला हवा ना? ५,००० च्या आतली चोरी आता अदखलपात्र आहे. म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांनी तपास करायचा नाही. एका स्टेपनीसाठी कोर्टात कोण जाणार? जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३७९ कलमात ही पाच हजारांची रेघ नव्हती. आता आहे, आणि माझं चाक रेघेच्या कुठल्या बाजूला पडणार, ते टेबलामागच्या माणसाच्या अंदाजावर ठरतं.

मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जायला लागले तेव्हाच्या बातम्या आपल्याला आठवत असतील. आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं. टोळ्या पकडल्या गेल्या, फोटो छापून आले. माझ्या स्टेपनीत प्लॅटिनम नाही, रबर आणि लोखंड आहे. म्हणून तिची बातमी होत नाही.

मग विमा. एजंटाला फोन केला. त्यानं पॉलिसीचा कागद काढून एका ओळीवर बोट ठेवलं : धंद्याच्या गाडीवरची सुटी वस्तू एकटीच चोरीला गेली तर भरपाई नाही, सोबत गाडीही चोरीला जायला हवी. मी विचारलं, मग चोराला सांगू का, गाडीसकट ने म्हणून? तो हसला, मीही हसले.

आता तुमच्या खात्याचं. मी सगळे नियम पाळते साहेब. २०११ च्या स्कूल बस नियमावलीनुसार अग्निशामक आहे, प्रथमोपचार पेटी आहे, वेगनियंत्रक आहे. माझी गाडी २०१६ ची, म्हणजे १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणून ७४५ रुपये आणि वर जीएसटी भरून नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावली. ती बसवणाऱ्या पोरानं स्नॅप लॉक दाबलं आणि म्हणाला, "काकू, आता ही तोडल्याशिवाय निघणार नाही." ॲल्युमिनियमच्या त्या पत्र्याला एवढा बंदोबस्त! डिकीला कुलूप आहे, पेट्रोलच्या झाकणाला कुलूप आहे, समोरच्या कप्प्यात मी खडीसाखर आणि रुमाल ठेवते, त्यालासुद्धा कुलूप आहे. आणि पाच हजारांचं चाक गाडीबाहेर, एका हुकावर, एका बोल्टवर. चाकाचे नट ज्या पान्यानं उघडतात त्याच पान्यानं तोही उघडतो. असा पाना प्रत्येक गाडीत असतो. म्हणजे प्रत्येक गाडीवाल्याच्या हातात माझ्या स्टेपनीची किल्ली आहे.

आम्ही गाडीवाले काय काय करत नाही? रिमच्या भोकातून साखळी ओवून कुलूप लावतो. दोन पावसाळे खालचा चिखल खाल्ला की ते कुलूप असं गंजतं की चोराला उघडत नाही आणि मालकालाही नाही. माझ्या ओळखीच्या एका रिक्षाटेम्पोवाल्यानं भर रस्त्यात स्वतःचंच कुलूप दगडानं फोडलं होतं. काहींनी नटच वेल्डिंग करून टाकला, मग पंक्चर झालं की ग्राइंडर शोधत फिरा. कुणी रात्री गाडी मागून भिंतीला चिकटवून लावतं, पण तशी भिंत सगळ्यांच्या नशिबी नसते. मोठे ट्रान्सपोर्टवाले तापलेल्या लोखंडानं टायरवर नंबर डागतात. माझ्याकडे एक टायर, त्याला कुठून डागणी आणू? मी मुलांच्या हातात निळा रंग दिला होता, त्यांनी डिस्कच्या आतल्या बाजूला 'काकू' लिहिलं होतं.

कुणी म्हणेल, स्टेपनीच कशाला हवी? जुलै २०२० मध्ये केंद्रानं नियम बदलला, प्रवासी मोटारीत टायरचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. नव्या मोटारींना ठीक आहे. माझ्या गाडीत ती यंत्रणा नाही, आणि खडीनं टायरची कूस फाटली तर कुठलं किट ती शिवणार? शिवाय पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, गेल्यावर तिथले साहेब वाकून विचारतात : स्टेपनी कुठंय?

इथं एक कबुली देते, खुल्या पत्रात देऊ नये तरी. ऑगस्टमध्ये माझं पासिंग होतं. आठ वर्षांवरची गाडी, दरवर्षी न्यावी लागते. मी गल्लीतल्या भाऊंची स्टेपनी उसनी नेली, दाखवली, शिक्का घेतला आणि संध्याकाळी परत केली. मी एकटीच नाही. आमच्या भागात एक स्टेपनी अशी आहे की तिनं तिच्या मालकापेक्षा जास्त वेळा पासिंग केलं असेल. तुमचे अधिकारी चाक आहे का ते बघतात, ते कुणाचं आहे ते बघत नाहीत.

आणि दुसरी कबुली याहून वाईट. नवा टायर घेतला, पण नव्या डिस्कला पैसे पुरेनात. जुन्या टायरवाल्याकडे गेले. दुकानापुढे डिस्कांची चळत होती. मी विचारलं, बिल? तो म्हणाला, "ताई, जुन्याला कसलं बिल!" मी ९०० रुपये दिले आणि घेऊन आले. घरी पुसली तर काळ्या रंगाखाली पांढऱ्या ऑइलपेंटची अक्षरं निघाली : 'साई'. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून विकत घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे हे मला नंतर कळलं, पण तो माल चोरीचा होता की भंगारात आलेला, हे मी कुठं पाहायचं होतं? पाहायची सोयच नव्हती.

म्हणून मागते ते एवढंच. टायरवर कंपनीचा नंबर असतो, बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडेही असतात. जुना टायर आणि डिस्क विकत घेणाऱ्या दुकानदारानं ते नंबर, आणून देणाऱ्याचं नाव आणि तारीख एका वहीत लिहावी. सोनाराला मोड विकायला गेलं तर तो नाव-गाव विचारतो, टायरवाल्यानं विचारलं तर काय बिघडेल? गृहखातं तुमच्याकडे नाही, मला माहीत आहे, पण मंत्रिमंडळाच्या बैठकीत तुम्ही एकाच टेबलाशी बसता. चोरीला गेलेल्या चाकाची किंमत टायर आणि डिस्क मिळून, आज नवं घ्यायला काय पडेल त्यावर धरावी आणि तक्रारीत टायरचा नंबर लिहावा, एवढं परिपत्रक काढायला सांगा. आणि दिल्लीला एक पत्र तुमच्या खात्याकडून जाऊ द्या, की स्टेपनी गाडीखाली टांगायची असेल तर पाळण्याला किल्लीचं कुलूप कारखान्यातूनच बसून यावं, पावसात न गंजणारं. गाड्या आमच्या सातपूरला बनतात, त्या तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यात आहे. लांब जायचं कामच नाही.

जाता जाता एक. 'स्टेपनी' हे नाव वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलं. १९०४ मध्ये तिथल्या डेव्हिस भावांनी मोटारीसाठी जादा चाक बनवायला घेतलं, कारण तोवर पंक्चर झालं की माणूस रस्त्यात अडकून पडायचा. जुलैत पाथर्डी फाट्यावर मी १९०४ च्या आधीची होते.

पुढच्या ऑगस्टला पासिंगला येईन, तेव्हा स्टेपनी माझीच असेल, म्हणजे टायर तरी. 'साई' लिहिलेली डिस्क ज्या कुणाची असेल त्यांनी ओळख सांगून ती घेऊन जावी, ९०० रुपये मी मागणार नाही. माझी कुठं दिसली तर मात्र कळवा. टायरवरचे शेवटचे चार आकडे २३२१, आणि डिस्कच्या आतल्या बाजूला निळ्या रंगात, जरा वाकड्या अक्षरांत, 'काकू'.

आपली,
सिडकोतली एक व्हॅनवाली, नाशिक