चार पानांचे आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

परवा माझ्या प्रबंधाची मौखिक परीक्षा पार पडली आणि परतताना पंचवटी कारंज्यापाशी रिक्षातून उतरले तेव्हा पहिली आठवण झाली ती आपली. आपले नाव कुठेही छापायचे नाही असे आपण बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दैवते आणि लोकपरंपरा यांचे संशोधक डॉ. रा. चिं. ढेरे यांची संशोधनातील वाटचाल हा विषय घेऊन मी प्रथम ज्यांच्याकडे गेले, त्यांनी 'यात इतिहास कुठे आहे, ही तर देवादिकांची माहिती' असे म्हणून माझा आराखडा न वाचताच परत केला. एका मोठ्या ग्रंथालयात चार हेलपाटे घातल्यावर, मला हवे असलेले ढेरे यांचे जुने पुस्तक 'जीर्ण' या शेऱ्याखाली कुलूपबंद असल्याचे कळले, आणि ते कपाट उघडण्याचा अधिकार कोणाला, हे सांगायला तिथे कोणी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. त्या दिवशी मी रविवार कारंज्यावर उभी राहून रडले होते. हे सारे आज लिहितानाही मनातला कडवटपणा गेलेला नाही.

आपले वाचनालय दोन खोल्यांचे. ढेरे यांच्या त्याच जुन्या ग्रंथाची प्रत आपण काढून दिली, तिच्यातली चार पाने कसरीने खाल्ली होती. आपण काही बोलला नाहीत. पुढच्या मंगळवारी मी आले तेव्हा ती चार पाने फुलस्केप कागदावर, काळ्या शाईने, आपल्या हाताने उतरवून जागच्या जागी घातलेली होती. आपल्या परिचयातल्या एका गृहस्थांकडे दुसरी प्रत होती, पण तिची बांधणी इतकी खिळखिळी झालेली की झेरॉक्सच्या यंत्रावर उलटी दाबली असती तर पाने सुटली असती. म्हणून आपण सुटीचा रविवार त्यांच्या ओसरीवर बसून काढलात. मजकुराखाली रेघ ओढून टिपासुद्धा बारीक अक्षरात उतरवल्या होत्या. एके ठिकाणी छपाई पुसट झाली होती, तिथे अंदाजाने शब्द न भरता आपण कंसात 'अक्षर अस्पष्ट' असे लिहिलेत.

त्या दोन शब्दांपाशी मी किती तरी वेळ थांबले होते. मावळातल्या निगडे गावी १९३० साली जन्मलेला, लहानपणीच पोरका झालेला एक मुलगा आजीबरोबर पुण्यात येतो, पडेल ते काम करत शिकतो आणि तिशी गाठण्याआधी, १९५९ साली, नाथ संप्रदायाचा इतिहास लिहितो, हे सारे मला सनावळ्यांसह पाठ होते. पंढरपूरच्या विठ्ठलाचे मूळ शोधताना ढेरे शिलालेख आणि स्थलपुराणे यांच्याइतकेच वजन धनगर-गवळ्यांच्या परंपरांना देतात, कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीत विठ्ठल आणि धनगरांचा बिरप्पा ही दैवते जोडीने पूजली जातात याला पुरावा मानतात, हेही मी मांडले होते. १९८४ साली आलेल्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या त्यांच्या ग्रंथाला १९८७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण भक्तांच्या श्रद्धेला हात लावणारे विधान करण्यापूर्वी या माणसाने किती दाखले पुन्हा पुन्हा पडताळले असतील, याची जाणीव मला आपल्या त्या कंसातल्या शब्दांनी झाली, आणि प्रबंधाचे तिसरे प्रकरण मी पूर्ण नव्याने लिहिले.

मी मूळची त्र्यंबकची. निवृत्तिनाथांच्या यात्रेला येणाऱ्या दिंड्या दारावरून जाताना पाहतच मी मोठी झाले, आणि ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला ही कथा आजीकडून ऐकली. त्या कथेकडे भक्तीने पाहावे आणि अभ्यासकाच्या नजरेनेही पाहावे, यात विसंगती नाही, हे मी ढेरे यांच्याकडून शिकले. आपणही कपाळाला बुक्का लावून बसता आणि तारखेची चूक दिसली की पेन्सिलीने खूण करता. आपल्यासारखी माणसे अशा लहान वाचनालयांत अजून बसलेली आहेत, म्हणून माझ्यासारख्या मुलींचे शिक्षण पुरे होते.

प्रबंधाच्या परिशिष्टात आपण उतरवलेल्या चार पानांची छायाचित्रे दिली आहेत, नावाशिवाय. बांधणी झालेली पहिली प्रत पौष वद्य एकादशीची यात्रा आटोपली की आपल्या टेबलावर आणून ठेवीन. दाखल नोंदवहीत ती आपल्या अक्षरात चढवावी, एवढी विनंती.

आपली नम्र,
एक वाचक