दोष कल्पनेचा नव्हे, गिअरबॉक्सचा

महोदय,

पंखांच्या टोकांवरचे रोटर (मोठे फिरते पंखे) उभे-आडवे वळवणाऱ्या ‘व्ही-२२ ऑस्प्रे’ या अमेरिकी लष्करी विमानाची कल्पनाच चुकीची, असा सूर आपल्या दैनिकातील लेखात दिसला. तो मला पटत नाही. १९८० मध्ये इराणमधील ओलिसांच्या सुटकेची मोहीम वाळवंटातच फसली, तेव्हा हेलिकॉप्टरसारखे उतरणारे आणि विमानाच्या वेगाने लांबचा पल्ला गाठणारे यान हवे, ही गरज पुढे आली. ती खरीच होती.

त्यासाठी तडजोडी कराव्या लागल्या. साडेअकरा मीटर व्यासाचे रोटर एवढ्या वजनाला तोकडे, म्हणून खाली येणारा झोत जबर. एप्रिल २००० मध्ये अ‍ॅरिझोनातील मराना येथे उतरताना विमान फार वेगाने खाली आले, आपल्याच झोतात सापडून एका रोटरची उचल गेली, विमान उलटले आणि १९ मरीन सैनिकांचा मृत्यू झाला. पण खाली येण्याच्या वेगावर मर्यादा घालून हा धोका आवरता आला.

इंजिनची ताकद रोटरपर्यंत पोचवणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीचे, म्हणजे गिअरबॉक्सचे, तसे नाही. एक इंजिन बंद पडले तर पंखातून जाणारा शाफ्ट दुसऱ्याची ताकद दोन्ही रोटरना पुरवतो. रोटरजवळचा गिअरबॉक्स फुटला तर मात्र काहीच हाती उरत नाही. २९ नोव्हेंबर २०२३ ला जपानच्या याकुशिमा बेटाजवळ हेच झाले आणि ८ जण गेले. त्याआधी तेलात धातूचे कण आल्याची सूचना पाच वेळा मिळाली होती. चुंबकावर अडकलेला कण विजेच्या झटक्याने जाळून टाकायचा, अशी तिथली व्यवस्था आहे.

माझी नोकरी गिअरबॉक्सच्या देखभालीत गेली. तेलातले कण पकडणाऱ्या मॅग्नेट प्लगवर (चुंबकी बुचावर) मऊ, केसाळ कीस दिसला तर ती झीज. बोटाला टोचणारी कपची निघाली की मशीन तिथेच बंद. वैमानिकाला हा फरक कसा कळणार? कण तर जळून गेलेला! चौकशी अहवालाने उड्डाण चालू ठेवण्याच्या निर्णयावर बोट ठेवले, पण गिअरमधील धोक्याची माहिती वैमानिकांपर्यंत नीट पोचवली गेली नव्हती, हेही त्यात नोंदले आहे. मला दुसरी चूक मोठी वाटते.

अधिक शुद्ध पोलादाचे गिअर बसवण्याचे ठरले आहे. प्रत्येक विमानात ते बसेपर्यंत, उतरायला जागा जवळ असेल अशाच मार्गांनी ऑस्प्रे उडवावे आणि कणाची पहिली सूचना मिळताच ते खाली आणावे.

– एक निवृत्त देखभाल अभियंता, चिंचवड