इटलीच्या मगवर लाल गरुड हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाचीने गेल्या महिन्यात स्टोक-ऑन-ट्रेंटहून बोन चायनाचा एक मग आणला. १९४३ ते १९४५ या काळात इटलीत लढलेल्या ब्रिटिश आठव्या सेनेच्या स्मरणार्थ तो हाताने घडवला आहे. त्याच्या कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही. मिश्रणात जवळजवळ निम्मी गुरांच्या हाडांची राख आणि बाकी चिनी माती व कॉर्नवॉलचा दगड, ही जोसाया स्पोड यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस याच गावात रुळवलेली रीत आजही पाळली जाते. पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओततात, कान वेगळा करून हाताने चिकटवतात. पहिली भट्टी बाराशे अंशांच्या पुढे तापते, झिलईसाठी दुसरी लागते आणि चित्राचा छाप व सोनेरी कड पक्की करायला मंद आचेची तिसरी. हा मग दिव्यासमोर धरला, की पलीकडच्या बोटांची सावली आरपार दिसते.

इतक्या निगुतीने केलेल्या या मगवर इटलीतील लढाईचे ठिकाण असलेल्या कॅसिनोचे नाव आहे. पण कॅसिनोच्या डोंगरावर रक्त सांडलेल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनचे चिन्ह असलेला लाल गरुड नाही. याच सेनेतून लढलेल्या आठव्या आणि दहाव्या भारतीय डिव्हिजनचीही चिन्हे नाहीत. इटलीत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकांपैकी सहा भारतीय सैन्यातील जवानांनी मिळवले, त्यांत दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे होते. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी शत्रूचा मारा चालू असताना दोन जखमी सोबत्यांना सुरक्षित जागी पोहोचवले आणि नंतर परत फिरून मशीनगनची ठाणी एकट्याने गप्प केली. माझे आजोबा त्याच रेजिमेंटमध्ये होते, म्हणून ही नावे आमच्या घरात देवघरातल्या नावांसारखी घेतली जातात. इटलीतील माँतोने गावाने २०२३ मध्ये घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. जिथे लढाई झाली तिथल्या लोकांना जी आठवण राहिली, ती लढाईच्या नावाने वस्तू घडवणाऱ्यांनाही असायला हवी.

भाचीने निर्मात्यांकडे विचारणा केली, तेव्हा मगवर जागा नसल्याचे उत्तर आले. चित्राची कड आणि कान यांच्यामध्ये चार बोटे पांढरी जागा मोकळी आहे, हे मी स्वतः मोजून पाहिले आहे. छाप कागदावर वेगळा छापून मगवर चढवला जातो, त्यामुळे पुढच्या खेपेत तो बदलणे अवघड नाही. ब्रिटनमधील मराठी मंडळांनी असे मग विकत घेण्याआधी या तीन चिन्हांची मागणी निर्मात्यांकडे लेखी नोंदवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एका मराठा जवानाचा नातू, सातारा