पिकप घाटात का बंद पडायली ते घावलं

केज

प्रिय पम्या,

दिवाळीपासून तुला फोन नाही की पत्र नाही, तुझे मिस कॉल दिसायले होते तरी उचलले नाहीत, राग धरू नको लेका. पिकपचं सगळं अर्धवट चालू होतं अन तुला अर्धवट सांगितलं की तू तिकडं चाकणला बसून रात्रभर डोकं खाल्लं असतंस. आता पूर्ण सांगता येतंय. अन खरं म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोगच नाही. घरी सांगितलं तर वहिनी म्हणली, बरं झालं, आता जेवायला बसा.

तब्येती ठीक. आबांचा गुडघा तसाच, आईची बीपीची गोळी चालू. पुढं.

तुला धारूरचा घाट सांगायची गरज नाही. माजलगावहून सरकी पेंडीची पोती भरायची, तेलगाव सोडलं की चढ, रस्ता अरुंद, समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की दोन्ही अंगाला रांग. तिथं दुसऱ्या गिअरमधे गाडी आधी हुंदका दिल्यासारखी करायची, अॅक्सिलरेटर दाबला तरी आवाज वाढायचा नाही, मग उचलायची, परत दम तोडायची, अन नेमकं वळणावर बंद. मागनं हॉर्नवर हॉर्न. हँडब्रेक ओढायचा, क्लीनर पोरगं चाकाखाली दगड लावायचं, मी बॉनेट उघडून डिझेल फिल्टरवरचा हातपंप मारायचो, लाइनीत शिरलेली एअर काढायचो, मग सेल्फ मारला की सुरू. वर धारूरला पोचेपर्यंत परत तेच. अन सकाळी रिकामी घेऊन निघालो तर सुतासारखी सरळ! एकही झटका नाही.

आता बघ, किती जणांनी किती निकाल दिले. केजचे चाचा म्हणले फिल्टर. बदलला. बीडच्या मिस्त्रीनं इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून टेस्टिंगला लावले, आतले पार्ट बदलले, बिल वाचून दादाचं तोंड उतरलं. माजलगावचा डिझेल पंप दुरुस्त करणारा तर गाडीकडं न बघताच म्हणला, पंप गेला, काढून द्या, आठ दिवस लागतील. एकानं सांगितलं क्लच घसरतोय. एकजण म्हणला 2006 चं मॉडेल आहे, लोडवर असंच करणार, वय झालं. मला या शेवटच्या माणसाचा लई राग आला. वय झालं म्हणजे काय? इंजिनाला वयाचं काय कळतंय, त्याला डिझेल पायजे, हवा पायजे अन दाब पायजे. तिघांतलं काय कमी पडतंय ते शोधायचं सोडून वय काय सांगतो! आबांनी ही गाडी हौसेनं घेतलेली, तुझ्या ताईच्या लग्नाचा सगळा बाजार हिनं आणलेला.

इकडं दादा मागं लागलेला. दरवर्षी पासिंगला खर्च, वर हे दुखणं, भंगारात टाकू अन हप्त्यावर नवी घेऊ. भंगारवाला दारात येऊन टायर लाथेनं बघून गेला. टायर! मी त्या दिवशी जेवलो नाही, खरं सांगतो.

मग ठरवलं, मिस्त्री बंद. तू आयटीआयला डिझेल मेकॅनिक करत होतास तेव्हा आम्हाला येता-जाता परीक्षा घेतल्यासारखं विचारायचास ना, धूर कसला होता, कधी होता, तसं सगळं विचारून बघायचं ठरवलं. तर पहिलं, धूर. बंद पडताना काळा धूर नव्हता. म्हणजे हवा कमी अन डिझेल जास्ती असं नाही, डिझेलच पोचंना. एअर फिल्टर, सायलेन्सर बाजूला. दुसरं, पंपावरचा सोलेनॉइड, करंटवर डिझेल चालू-बंद करणारा. त्याचं करंट तुटलं तरी गाडी बंदच पडते, म्हणून टेस्ट लॅम्पची वायर केबिनमधे ओढून घाटात पोराच्या हातात दिली. गाडी बंद पडली तरी दिवा जळतच होता. ते पण बाजूला.

अन हो, तुझं आवडतं, टाकीचं झाकण. येरमाळ्याच्या यात्रेला चुनखडी वेचायला गेलो तेव्हा झाकण हरवलं, तू टाकीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी करकचून बांधलीस, आत हवा जाईना, अन चौसाळ्याच्या अलीकडं गाडी मेली, आठवतं का? पिशवी सोडली की टाकीनं सुस्कारा सोडला अन गाडी चालू. तरी तू आजवर मानत नाहीस, म्हणतोस फिल्टर चोक होता. यावेळी झाकण ढिलं करून घाट चढलो. सुस्कारा नाही, फरक नाही. तेव्हा तू या खेपेला निर्दोष, पण त्या खेपेची फिर्याद कायम आहे.

मग माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. आपण डिझेल कुठं भरतो? केजला, सकाळी, निघताना. माजलगावला जाऊन माल भरून घाटाला लागेपर्यंत काटा अर्ध्याच्या खाली. म्हणजे लोड अन कमी डिझेल दोन्ही एकदमच असायचे, अन सगळे नुसतं लोडला धरून बसलेले. मी उलटं केलं. पोती भरली, तेलगावला टाकी काठोकाठ केली अन घाटाला लागलो. पम्या, वरपर्यंत एक हुंदका नाही! पोरगं दगड हातात घेऊन बसलेलं, तसंच धारूरला उतरलं. मग रिकामी गाडी, काटा खाली, त्याच घाटात. सुरुवातीला काही नाही, पण जोरात दाबली की मिस, म्हणजे मधेच झटका. लोड कमी म्हणून बंद पडली नाही, पण मिस झालीच.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी फिल्टरच्या आधीची रबरी नळी काढून तिथं काचेसारखी पारदर्शक प्लास्टिकची नळी बसवली. टाकी अर्ध्याच्या खाली होती. गाडी चालू केली अन रेस वाढवली. पिवळसर डिझेल सरकत होतं, अन त्यात मोहरीएवढे बुडबुडे, एकामागं एक. रेस सोडली की कमी, दाबली की परत रांग. तिथंच खाली बसलो. दादाला बोलावलं, बघ म्हणलं. मग टाकीची लाइन सोडून एका कॅनमधलं डिझेल वर टांगून दिलं. नळी स्वच्छ, एक बुडबुडा नाही. म्हणजे पंप बरा, फिल्टर बरा, नोझल तर आधीपासूनच बरे होते. गाडी एअर घेतीय ती टाकीकडनं.

कुणाला दिसलं कसं नाही ते सांगतो. टाकीपासून फीड पंपापर्यंत, म्हणजे टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंत, सगळी ओढ असते. तिथं भोक पडलं तर चालू गाडीत डिझेल बाहेर टिपकत नाही, हवा आत जाते. सगळे मिस्त्री खाली वाकून ओलं शोधायचे, ओलं कुठंच नाही. लाइनीचे जोड धरणारे बँजो बोल्ट मी पण सोडले, तांब्याचे वायसर लाल करून पाण्यात टाकून परत बसवले, काही नाही. तेव्हा टाकीच्या वरची प्लेट खोलून डिझेल ओढणारा आतला पाइप बाहेर काढला. जाळीवर थोडा गाळ होता, पण जीव जाईल इतका नाही. पाइपाचं खालचं तोंड अंगठ्यानं दाबलं, बादलीत बुडवला, वरनं फुंकलं. मधोमध, जिथं काट्याला पातळी दाखवणाऱ्या फ्लोटची पट्टी पाइपाला घासत होती, तिथनं बारीक धार निघाली बुडबुड्यांची. सुईच्या टोकाएवढं भोक, भोवती गंजाचा काळा डाग. डिझेल त्याच्या वर असेल तर भोकातनंही डिझेलच ओढलं जायचं, काय बिघडतंय? पातळी खाली गेली की हवा. रिकाम्यात ओढ कमी म्हणून निभावायचं, चढाला पंप जास्ती डिझेल मागायचा अन हवा पण तेवढीच जास्ती यायची. हवा दाबली की दबते, मग नोझल उघडायला लागतो तेवढा दाब पंपाला येणार कुठनं?

पाइप सुटाच असल्यामुळं टाकीला आग दाखवायची वेळ आली नाही. तो धुऊन, वाळवून गॅसवर पितळानं भरून घेतला. बसवला, एअर काढली. काटा एकदम खाली असताना पेंड भरून घाट चढवला, मुद्दाम. काही नाही. दादा शेजारी बसलेला, वर आल्यावर नुसतं म्हणला, भंगारवाल्याला फोन कर, येऊ नको म्हणावं. पम्या, मला रडू आलं रे.

पण काळजी संपली नाही. पाइप गंजलेला आहेच, आज इथं भोक, उद्या वर पडेल. इकडं नवा मिळंना, जुन्या मॉडेलचा म्हणतात. टाकीत पण आतनं काय झालंय देव जाणे, पाणी साचतच असणार तळाला. दादाचा जीव परत फिरायला एक ब्रेकडाऊन पुरे.

तुझं कसं काय? ताईचं कळलं, पोरीला शाळा मिळाली ते पण कळलं, लई बरं झालं. तुझ्या कंबरेचं काय म्हणतात? रात्रपाळी बंद झाली का? होळीला येणार असशील तर आधी सांग, आई पुरणाचं आत्तापासून विचारायली.

तुझा,
बाळ्या

ता. क. तिकडं जुन्या पार्टच्या दुकानांत टाकीतला पाइप फ्लोटसकट मिळतो का बघ. प्लेटला पाच स्क्रू आहेत, पाइप पाठवलेल्या फोटोतल्यासारखा खाली वाकडा पायजे. घ्यायच्या आधी अंगठा लावून पाण्यात फुंकून बघ, अन पैसे किती ते लगेच कळव, दादाकडनं काढून ठेवतो.